हवा, हवामान आणि हवापाणी

प्रश्न : माझा नातू इंग्रजी माध्यमात सातवीत आहे. सिंहगडच्या सहलीवर निबंध लिहिताना त्यानं लिहिलं, 'द क्लायमेट वॉज व्हेरी प्लेझंट दॅट मॉर्निंग.' बाईंनी 'क्लायमेट' खोडून वर लाल शाईनं 'वेदर' लिहिलं आणि अर्धा गुण कापला. मी घरातला शब्दकोश काढला, तर दोन्हींपुढे 'हवामान'च दिलंय. आमचे हे म्हणतात, अर्थ एकच आहे, शाळेत जाऊन विचार. जाण्याआधी तुम्हाला विचारावं म्हटलं. फरक आहे का? असला तर तो मुलाला मराठीतून कसा सांगू?
— एक आजी, कोथरूड

उत्तर : ताई, शाळेत जाऊ नका. बाईंचं बरोबर आहे. नातवाला मात्र रागावू नका, कारण ही चूक त्याची एकट्याची नाही. 'आज क्लायमेट काय मस्त आहे, चला खडकवासल्याला' हे वाक्य मी पुण्यात इतक्या वेळा ऐकलंय की मुलाच्या कानावर तेच पडणार. दवाखान्यातही कुणीतरी म्हणतंच, 'क्लायमेट चेंज झालंय ना, म्हणून सर्दी.' दोन दिवस ढग आले आणि सर्दी झाली तर ते क्लायमेट चेंज नव्हे. हवा बदलली, एवढंच.

तुम्ही प्रश्न योगायोगानं योग्य दारी आणलात. १९७९ पासून निवृत्त होईपर्यंत ३५ वर्षं मी शिवाजीनगरच्या वेधशाळेत निरीक्षणं घेतली. तीच जागा, जिला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं. पुढे १९४४ मध्ये ते दिल्लीला गेलं, पण इमारतीला आणि समोरच्या चौकाला नाव चिकटलं ते चिकटलंच. या दोन इंग्रजी शब्दांतला फरक मला कोशातून कळला नाही, तिथल्या अंगणात कळला.

सकाळी ८.३० ला आमचं पहिलं मोठं निरीक्षण असायचं. हिरवळीवर पांढरी, झडपांची लाकडी पेटी उभी असते, तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. तिचं दार उत्तरेला, म्हणजे उघडताना ऊन आत शिरू नये. आत चार तापमापक : ड्राय बल्ब, मलमलीची ओली पट्टी गुंडाळलेला वेट बल्ब, आणि दिवसाचं कमाल व किमान दाखवणारे दोन. डोळा पाऱ्याच्या बरोबर समोर आणून अंशाचा दहावा भाग वाचायचा. डोळा जरा वर-खाली झाला तरी आकडा चुकतो. मग पर्जन्यमापकातलं पाणी मोजपात्रात ओतायचं. आदल्या दिवशीच्या ८.३० पासून त्या क्षणापर्यंत पडलेला पाऊस. वारा कुठून, ढग कुठले, किती उंच. सगळं वहीत.

वहीतली ती एक ओळ म्हणजे वेदर. त्या दिवसाची, त्या वेळेची, त्या अंगणातली हवा. संध्याकाळी ५.३० ला पुन्हा जायचं तेव्हा ओळ बदललेली असायची.

आणि अशा वह्यांनी भरलेलं कपाट म्हणजे क्लायमेट.

मी नवी असताना एका वरिष्ठांनी जुन्या नोंदींतले दोन आकडे दाखवले होते. १७ जानेवारी १९३५ ला पुण्यात किमान तापमान १.७ अंश होतं, आणि ३० एप्रिल १८९७ ला कमाल ४३.३. मी विचारलं, 'मग पुण्याची थंडी किती धरायची, १.७?' ते म्हणाले, 'नाही. ती त्या एका पहाटेची. पुण्याची जानेवारी विचारशील तर किमान अकराच्या आसपास.' एक आकडा एका पहाटेचा आणि दुसरा गावाचा, हे तेव्हा डोक्यात बसलं ते कायमचं. गावाचा आकडा काढायला जगभर निदान ३० वर्षांच्या नोंदी घेतात. सध्या १९९१ ते २०२० हा काळ धरला जातो. ३० वर्षं का? एखादा कडक उन्हाळा, एखादा कोरडा श्रावण हिशोबात विरघळून जावा आणि त्या जागेचा स्वभाव तेवढा उरावा, म्हणून.

आता मराठीकडे येऊ, कारण तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. इंग्रजीत दोन शब्द असताना मराठीत एकच कसा? मी सांगते, एकच नव्हता.

माझं माहेर पुरंदर तालुक्यातलं. वडिलांची अंजिराची बाग होती. सकाळी ओसरीवर येऊन ते आभाळाकडे बघत आणि म्हणत, 'आज हवा धड नाही, फवारा नको.' ढगाळलेलं, ओलसर असलं की तांबेऱ्याची भीती असते, आणि फवारल्यावर पाऊस आला तर औषध धुऊन जातं. तो निर्णय एका सकाळचा, म्हणून शब्द 'हवा'. पण कुणी पाहुणा विचारी, 'अंजीर तुमच्याकडेच एवढं का पिकतं?' तेव्हा वडील 'हवा' म्हणत नसत. ते म्हणत, 'इथलं हवापाणी त्याला मानवतं.' खट्टा बहर धरायचा की उन्हाळ्यात बाजारात येणारा मीठा बहर, हेही ते हवापाण्यावरून ठरवीत. म्हातारपणी, बेभरवशाचा पाऊस सुरू झाल्यावर, त्यांच्या तोंडी तिसरा शब्द आला : 'ऋतुमान फिरलं.' वडील चौथी शिकलेले. वेदर, क्लायमेट आणि क्लायमेट चेंज या तिन्हींसाठी त्यांच्याकडे तीन वेगळे शब्द होते आणि एकदाही त्यांनी ते एकमेकांच्या जागी वापरले नाहीत.

मग घोटाळा कुठे झाला? 'हवामान' या शब्दात. शब्द सुरेख आहे. हवा अरबीतून आलेली, मान संस्कृत. तापमान, पर्जन्यमान यांच्या जोडीला बसणारा. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत मांडणीही स्वच्छ आहे : हवा म्हणजे वेदर, हवामान म्हणजे क्लायमेट. पण शाळेतून घरी आलेलं मूल बातम्या लावतं तर तिथे 'उद्याचे हवामान'. म्हणजे वेदर. सांगणारं खातं 'हवामान विभाग'. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर 'हवामान बदल', म्हणजे क्लायमेट चेंज. आणि त्याच गोष्टीला आपल्या राज्य सरकारच्या विभागाच्या नावात 'वातावरणीय बदल' म्हटलंय. वातावरण म्हणजे खरं तर पृथ्वीभोवतीचं हवेचं आवरण, ते आणखी निराळं. एवढ्या गर्दीत सातवीतल्या मुलानं नेमका शब्द कसा शोधायचा?

पुस्तकातली हवा-हवामान ही जोडी मला मान्य आहे, परीक्षेत तीच लिहावी. पण ती बोलण्यात टिकली नाही हे मान्य करायला हवं. त्यात 'हवा' शब्दावर आधीच पुष्कळ ओझं : सायकलच्या चाकात भरतो तीही हवा. म्हणून नातवाला समजावताना मी 'हवापाणी' शब्द वापरीन. त्यात पाणीही आहे. गावाचा स्वभाव ठरवताना पाऊस किती, विहिरींना पाणी किती, हे आलंच पाहिजे. आणि त्या शब्दाला 'आज' लावून बघा. 'आजचं हवापाणी' असं कुणी म्हणत नाही, जीभच वळत नाही. हीच तर आपल्याला हवी असलेली कसोटी.

ती नातवाला अशी द्या. मनातल्या वाक्यात 'आज', 'काल', 'त्या सकाळी' बसत असेल तर वेदर. 'इथलं', 'आमच्या गावचं', 'पूर्वीचं' बसत असेल तर क्लायमेट. सिंहगडावर त्या सकाळी गार वारा होता : वेदर. पुणं पूर्वी निवृत्त लोकांचं गाव म्हणून ओळखलं जाई, कारण इथलं हवापाणी सौम्य : क्लायमेट. त्याच निबंधात त्यानं 'पुणे हॅज अ प्लेझंट क्लायमेट' लिहिलं असतं तर पूर्ण गुण मिळाले असते.

मोठा झाल्यावर त्याला शब्दांची मुळंही आवडतील. क्लायमेट ग्रीक 'क्लिमा'वरून आला, अर्थ उतार, कल. विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना सूर्याची किरणं जितकी तिरपी, तसा प्रदेश बदलतो, म्हणून ग्रीकांनी पृथ्वीचे पट्टे पाडले होते. म्हणजे तो शब्द जन्मापासूनच जागेचा आहे. वेदर इंग्रजीचा घरचा शब्द, जर्मन 'वेटर'चा भाऊबंद, शेतावर आणि समुद्रावर रोज लागणारा. म्हणूनच त्याचे वाक्प्रचार रोजच्या जगण्यातले : 'अंडर द वेदर' म्हणजे अंगात बरं नसणं. 'पोलिटिकल क्लायमेट' म्हणताना मात्र चार दिवसांची गोष्ट नसते. मराठीतही बघा, निवडणुकीत एखाद्याची 'हवा' असते ती महिन्या-दोन महिन्यांची, आणि घरातलं 'वातावरण' घडतं ते वर्षानुवर्षांत.

प्रश्न : मी कामासाठी रोज दुचाकीनं हडपसरहून हिंजवडीला जातो. गेल्या पावसाळ्यात जोरदार पावसाचा इशारा ऐकून दोन दिवस रेनकोट घालून घामाघूम झालो, हडपसरला थेंब नाही. हवामानाचा उद्याचा अंदाज ज्यांना जमत नाही, त्यांनी पुढच्या ५० वर्षांचं हवामान सांगावं आणि आम्ही ते मानावं, हे कसं?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : तुमचा प्रश्न मला बसमध्ये, लग्नात, अगदी नात्यातल्या डॉक्टरांनीही विचारलाय. त्यात तुम्ही 'हवामान' दोनदा वापरलंत आणि दोन्ही वेळा अर्थ वेगळा आहे. वरच्या आजींचं उत्तर वाचलं असेल तर पहिल्या ठिकाणी 'हवा' आणि दुसऱ्या ठिकाणी 'हवापाणी' घालून वाक्य पुन्हा म्हणा. 'उद्याची हवा ज्यांना सांगता येत नाही त्यांनी हवापाणी कसं सांगावं?' प्रश्नातला जोर लगेच कमी होतो.

आधी तुमच्या रेनकोटाबद्दल. इशारा बहुतेक पूर्ण जिल्ह्याचा असतो. पुणे जिल्ह्यात ताम्हिणी-मुळशीचा घाट आहे आणि दौंड-इंदापूरचं माळरानही. पाऊस घाटात तुफान पडून हडपसरपर्यंत पोचण्याआधी संपतो, असं दर वर्षी घडतं. अंदाज कधी खरोखरच चुकतो, हेही खरं. पावसाळी ढग काही किलोमीटरांचा. तो नेमका कुठे वाढेल हे आत्ताच्या तापमान, ओलावा, वाऱ्यावर अवलंबून असतं, आणि त्या मोजणीतली बारीक चूक तासागणिक वाढत जाते. म्हणून दोन-तीन दिवसांचा अंदाज चांगला, दहा दिवसांचा कच्चा.

हवापाण्याचं गणित वेगळ्या दिशेनं सुटतं. नागपंचमीला आमच्याकडे ज्वारीच्या लाह्या होतात. कढई तापल्यावर कोणता दाणा आधी उडेल ते मी आजवर सांगू शकले नाही. पण आच वाढवली की लाह्या लवकर फुटतील हे सांगायला मला एकही दाणा ओळखावा लागत नाही. आच किती, हे माहीत असलं की पुरे. पृथ्वीची आच ठरवणाऱ्या गोष्टी मोजता येतात : सूर्याची उष्णता, समुद्र, आणि हवेतले उष्णता धरून ठेवणारे वायू. १९५८ साली हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दर १० लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे साधारण ३१५ भाग होते. आता ते ४२० च्या वर गेलेत. आच वाढली आहे.

त्याचा परिणाम मोजणारी मोठी संस्था तुमच्या शहरातच, पाषाणला आहे. उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणाऱ्या त्या संस्थेत तयार झालेला अहवाल २०२० मध्ये आला. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं आणि उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ मध्ये सुमारे १ अंशानं तापला, असं त्यात आहे. अर्धा-पाऊण अंश ऐकून तुम्हाला क्षुल्लक वाटेल. मलाही सुरुवातीला वाटलं होतं. पण पुण्यात एका दिवसात तापमान १५ अंश वर-खाली होतं ते वेदरमध्ये. पूर्ण देशाची, वर्षभराची सरासरी पाऊण अंश हलवायला किती उष्णता लागत असेल, याचा विचार करा. समुद्र तापला म्हणजे वर वाफ जास्त, आणि तीच पुढे कोकणावर, घाटावर येते.

इथे इंग्रजीतली आणखी एक जोडी कामाची आहे. उद्याच्या पावसाबद्दल जे सांगतात त्याला फोरकास्ट म्हणतात. ५० वर्षांनंतरचं जे सांगतात त्याला शास्त्रज्ञ मुद्दाम प्रोजेक्शन म्हणतात. मराठीत दोन्ही 'अंदाज'. प्रोजेक्शनमध्ये एक 'जर' असतो : आपण इतका धूर सोडत राहिलो तर तापमान इतकं वाढेल, कमी केला तर इतकं. २०७५ च्या १२ जुलैला हडपसरला पाऊस पडेल का, हे कुणीही सांगत नाही.

उलट बाजूनंही सावध राहायला हवं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, ती रात्र दक्षिण पुण्यातला कुणी विसरणार नाही. तेव्हापासून जोराची सर आली की लोक म्हणतात, 'बघा, हवामान बदललं.' एक रात्र ही वेदर असते, तिच्यावरून हवापाणी ठरत नाही. तशा रात्री पूर्वीपेक्षा वारंवार येऊ लागल्या का, हे वह्यांच्या कपाटात बघावं लागतं. मी तिथे असताना आम्हाला सर्वांत जास्त हेच सांगितलं जाई : एका ओळीवरून निष्कर्ष काढू नका, आणि कपाट समोर असताना ते नाकारूही नका.

कपाट काय सांगतं त्याचा एक नमुना देते. २०२० मध्ये खात्यानं मान्सूनच्या तारखा नव्या नोंदींवरून तपासल्या. केरळात येण्याची तारीख १ जूनच राहिली, पुण्याची १० जून ठरली. पण राजस्थानच्या वायव्य टोकातून मान्सून परत फिरायला लागतो ती तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबर करावी लागली. पावसाचा मुक्काम लांबला. आपल्या आजोबा-पणजोबांनी मृगाचा पाऊस, हस्ताचा पाऊस असं नक्षत्रांचं जे कपाट लावलं होतं ते हवापाण्याचंच होतं. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' ही म्हण एका दिवसाच्या पावसावरून बनली नाही. आता त्याच शेतकऱ्याला पेरणीचा दिवस ठरवताना पंचांगही पुरत नाही, म्हणून त्याला फोरकास्ट लागतो. आणि बाग कोणती लावायची हे ठरवताना प्रोजेक्शन लागेल. दोन शब्द वेगळे ठेवण्याचा माझा आग्रह त्याच्यासाठी आहे.

रेनकोट मात्र डिकीत असू द्या. सकाळी निघण्याआधी पुढच्या दोन-तीन तासांचा ताजा इशारा बघत जा. तो आदल्या दिवशीच्या अंदाजापेक्षा पुष्कळ नेमका असतो.

प्रश्न : डिसेंबरात पहाटे सिंहगड रस्त्यानं फिरायला जाते तेव्हा सगळं पांढुरकं दिसतं. त्याला फॉग म्हणायचं की मिस्ट?
— एक वाचक, आनंदनगर

उत्तर : दोन्हींत हवेत लोंबकळणारे पाण्याचे बारीक थेंबच असतात. फरक फक्त किती दूरचं दिसतं याचा. १ किलोमीटरच्या आतलंच दिसत असेल तर फॉग, मराठीत धुकं. त्यापलीकडचंही अंधुक दिसत असेल तर मिस्ट, विरळ धुकं. आम्ही वेधशाळेच्या गच्चीवरून ठरलेल्या खुणा बघायचो : जवळच्या इमारती, मग चतुःशृंगीची टेकडी, मग पर्वती, आणि अगदी स्वच्छ दिवशी सिंहगड. कोणती खूण दिसेनाशी झाली त्यावरून अंतर लिहायचं. पाण्याऐवजी धूर आणि धूळ असेल तर ते धुरकं. ते कोरडं असतं, घशाला झोंबतं आणि ऊन वर आलं तरी लवकर निवळत नाही. तुम्ही रोज त्याच रस्त्यानं जाता, तर १ किलोमीटरवरची एखादी उंच इमारत खूण म्हणून ठरवून ठेवा. ती दिसली नाही, त्या दिवशी फॉग.